सहा चिठ्ठ्या

हॉस्पिटलच्या तळघरात धुलाईखाना होता आणि त्या धुलाईखान्यात मुकादमबाईची एकवीस वर्षं गेली होती. वरच्या सात मजल्यांवर काय चाललंय हे तिला चादरींवरून कळायचं. लोखंडी घसरगुंडीतून मळके गठ्ठे धाडधाड खाली येत, आणि आज बाळंतिणींच्या वॉर्डात गर्दी आहे की हाडांच्या, हे ती कोणाला न विचारता सांगायची.

पलीकडे मशीनवर पुरुष होते. अलीकडे, रोलरच्या इस्त्रीपुढे, लांबलचक टेबल आणि त्यावर घडी घालणाऱ्या सहाजणी. मोठ्या चादरीची घडी एकटीने होत नाही. दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, झटकायची, एकमेकींकडे चालत यायचं, टोकाला टोक भिडवायचं, पुन्हा मागे जायचं. दिवसाला अशा शेकडो. त्यामुळे सहाजणी म्हणजे तीन जोड्या, आणि कोणी सकाळी काय खाऊन आलंय हेसुद्धा एकमेकींपासून लपत नसे.

खरी नावं हजेरीपटावर होती, तोंडात मात्र टोपणनावं. सगळ्यांत थोरली ती मावशी. तिला निवृत्त व्हायला दीड वर्ष उरलं होतं. एक चष्मेवाली. एक जुळ्यांची आई, सगळ्यांत शेवटी लागलेली. दिवसाला चार शब्द बोलणारी ती अबोली. जिच्या घडीची कड बोटभरही इकडेतिकडे होत नसे ती फूटपट्टी. आणि सहावी नऊदहा. कामाची वेळ नऊची. ही रोज नऊ वाजून दहा मिनिटांनी हजर. अकराव्या मिनिटाला नाही आणि नवव्यालाही नाही. मुकादमबाईने बोलून पाहिलं, रागावून पाहिलं, शेवटी नाद सोडला.

त्या सोमवारी ठेकेदाराच्या मॅनेजरने मुकादमबाईला वर बोलावलं. मॅनेजर तरुण होता, बोलायला गोड होता, समोरच्याला आधी बसायला सांगणारा.

“बाई, नवीन मशीन येतंय. चादरीची घडी घालणारं. महिनाअखेर बसेल. घडीवाल्यांत एक जागा कमी होईल.”

“कोणाची?”

“ते तुम्ही सांगायचं. तुम्ही त्यांना ओळखता. मी इथे बसून एखादं नाव खरडलं तर अन्याय होईल. खरं की नाही?”

हे बोलून त्याला स्वतःलाच बरं वाटलं असावं. तो हसला. “शनिवारपर्यंत नाव द्या.”

मुकादमबाई जिना उतरली. अन्याय नको म्हणून त्याने हात वर केले होते, आणि तो अन्याय आता तिच्या गळ्यात होता.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो बस डेपोत टायरच्या कामावर होता आणि कुठल्याही प्रश्नाचं उत्तर हात पुसता पुसता द्यायची त्याला सवय होती.

“त्यात काय एवढं? कामचुकार कोण आहे? तिला काढ.”

“कामचुकार कोणी नाही हो. एक उशिरा येते.”

“मग तिला काढ.”

“दहा मिनिटं उशिरा येते, पण जाताना दहा मिनिटं जास्त थांबते. विचारलं तर म्हणते, हिशेब चुकता.”

“मग शेवटी लागलेली कोण?”

“जुळ्यांची आई. पोरं सव्वा वर्षाची आहेत.”

नवऱ्याने हात पुसायचं थांबवलं. “अगं, मग चिठ्ठ्या टाक आणि मोकळी हो.”

तिने तेव्हा ते मनावर घेतलं नाही. तिला वाटत होतं, शांतपणे विचार केला तर एक नाव आपोआप वर येईल, दुधावर साय येते तसं. मंगळवार गेला, बुधवार गेला. नावं सहाही वर येत होती. वेळ बघितली तर नऊदहा. नोकरीची वर्षं बघितली तर जुळ्यांची आई. वय बघितलं तर मावशी; तिचे हात आता थरथरायचे. घरचं बघितलं तर चष्मेवाली, तिचा नवरा चांगल्या नोकरीत होता. रजा मोजल्या तर फूटपट्टी. तिच्याइतक्या रजा कोणाच्याच नव्हत्या. राहता राहिली अबोली. तिच्याविरुद्ध काहीच नव्हतं, पण ती एक अक्षर न बोलता निघून जाईल, आपल्याला सगळ्यांत कमी त्रास होईल, असं मुकादमबाईच्या मनात येऊन गेलं आणि तिची तिलाच लाज वाटली. कुठलं माप घ्यायचं हे ठरवलं की बाई आपोआप ठरत होती. म्हणजे माप निवडणं हेच बाई निवडणं. मापाच्या आडून तोंड लपवायची तेवढी सोय.

तळघरात बातमी लपत नाही. बुधवारी मावशी इतक्या घाईने घड्या घालू लागली की दोनदा चादर जमिनीवर पडली आणि परत धुवायला गेली. चष्मेवाली जाता-येता सांगू लागली की तिच्या नवऱ्याच्या नोकरीचं काही खरं नाही. जुळ्यांच्या आईने पोरांचे फोटो दाखवले, जे सगळ्यांनी आधी पाहिले होते. अबोली चक्क म्हणाली, “बाई, बरं आहे ना?” आणि गुरुवारी नऊदहा नऊला दहा कमी असताना आली. ती दारात दिसली तेव्हा टेबलावरची सगळी कामं थांबली.

“अशा बघू नका गं,” ती म्हणाली. “मलाही कसंतरीच वाटतंय.”

सगळ्या हसल्या, पण ते हसू लवकर विरलं.

फूटपट्टी तेवढी काही बोलली नाही. त्या गुरुवारी तिच्या मुलीची तपासणीची तारीख होती. तिने रजा मागितली नाही. मुकादमबाई एकदा तिच्या घरी गेली होती. मुलगी चौदा वर्षांची, मानेखाली काही हलत नसे. फूटपट्टी तिला कुशीवर वळवायची ती खाली सरकवलेल्या आडव्या चादरीने, वरच्या वॉर्डातल्या नर्ससारखी, आणि वळवून झालं की मुलीच्या पाठीखालची चुणी हाताने अशी सपाट करायची की कुठे रेघ म्हणून राहायची नाही. एक चुणी राहिली तरी कातडीला जखम होते, असं ती म्हणाली होती.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मुकादमबाईने सगळ्यांना टेबलाशी बोलावलं. काय झालंय ते सरळ सांगितलं.

“मला निवडता येत नाही. कोणालाही काढलं तरी मला ते पटणार नाही. म्हणून चिठ्ठ्या टाकणार आहे. उद्या, सगळ्यांसमोर.”

मग मावशी म्हणाली, “बरं केलंस. निदान एकमेकींकडे बघता तरी येईल.”

चष्मेवालीने चष्मा पुसत विचारलं, “आणि तुमची चिठ्ठी?”

“घडीवाल्यांतली एक, असं साहेबांनी सांगितलंय.”

“साहेबांनी तर सगळं तुमच्यावर सोडलंय म्हणता.”

मुकादमबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तेवढ्यात नऊदहा म्हणाली, “अगं, बाईंची चिठ्ठी निघाली तर मला उशिराबद्दल बोलणार कोण? तू? तुझ्याच्याने होईल का ते?” आणि हशा झाला. त्या हशात मुकादमबाई सुटली. तिने नऊदहाकडे कृतज्ञतेने पाहिलं.

शनिवारी सकाळी ती कोऱ्या चादरींच्या कोठीत जाऊन बसली. गठ्ठ्यांबरोबर वॉर्डात जाणाऱ्या पावत्यांचं पुस्तक घेतलं, दोन पावत्या फाडल्या, त्यांचे सारखे सहा तुकडे केले आणि कोऱ्या पाठीवर लिहायला घेतलं. मावशीचं नाव लिहिलं. चष्मेवालीचं लिहिलं. जुळ्यांच्या आईचं, अबोलीचं, नऊदहाचं. सहाव्या तुकड्यावर पेन टेकवलं आणि हात थांबला.

तिच्या डोळ्यांपुढे ती चुणी आली. ही चिठ्ठी निघाली तर त्या घरात काय होईल, हे तिला ठाऊक होतं. बाकीच्यांना नोकरी जाणं म्हणजे संकट होतं, पण त्या पोरीचा जीव आईच्या नोकरीवर होता. नोकर म्हणूनच हॉस्पिटलचं औषध फुकट मिळत होतं. चिठ्ठीला हे कुठे दिसतं? आणि चिठ्ठीला दिसू नये म्हणूनच तर चिठ्ठी. तुकडा रिकामा ठेवावा, तर तोच निघाला की बोंब. पाचच टाकाव्यात, तर चष्मेवाली मोजल्याशिवाय राहणार नाही.

मग तिने त्या सहाव्या तुकड्यावर नऊदहाचं नाव पुन्हा लिहिलं.

हे का केलं, हे तिने तेव्हा स्वतःला विचारलं नाही. हात चालला. सहाही तुकड्यांच्या सारख्या घड्या घातल्या, स्टीलच्या ट्रेमध्ये टाकल्या आणि ती बाहेर आली.

सहाजणी टेबलापाशी उभ्या होत्या. मशीनवाले पुरुषही येऊन थांबले होते. चष्मेवालीने खरोखरच बोटाने चिठ्ठ्या मोजल्या. “सहा.”

“कोण काढणार?” मुकादमबाईने विचारलं.

“फूटपट्टीच काढू दे,” नऊदहा म्हणाली. “तिचा हात सरळ आहे.”

बाकीच्यांनी माना हलवल्या. मुकादमबाईला नाही म्हणायला कारण सुचेना. फूटपट्टी पुढे आली, एप्रनला हात पुसले, डोळे मिटले. तिचे ओठ पांढरे पडले होते. तिने एक चिठ्ठी उचलली आणि न उघडताच मुकादमबाईच्या हातात दिली.

मुकादमबाईने वाचली. नऊदहाचं नाव.

कोणीतरी सुस्कारा सोडला. जुळ्यांची आई एकदम रडायला लागली आणि मग आपण सुटलो म्हणून रडतोय हे लक्षात येऊन तिने तोंड फिरवलं. चष्मेवालीने ट्रेकडे हात नेला, “बघू तरी माझी कुठे होती,” आणि मुकादमबाईने ट्रे झटकन काढून घेऊन हातातल्या चिठ्ठीसकट सगळ्या चिठ्ठ्या फिरत्या मशीनच्या साबणाच्या खणात लोटल्या. “झालं ते झालं. आता उगाच कोळसा कशाला उगाळायचा?”

नऊदहा मात्र हसत होती. हसू जरा वाकडं होतं, पण होतं. “चला,” ती म्हणाली, “आता मला उठवायला घड्याळ नको.”

संध्याकाळी एप्रन परत द्यायला ती कोठीत आली. एप्रनची घडी चांगली घातली होती, तिच्या नेहमीच्या घडीपेक्षा चांगली.

“बाई, एक सांगू? तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

“कसं नको लावून घेऊ?”

“मी अनाथालयात वाढले, तुम्हाला माहीत आहे. तिथे महिन्यातून एकदा माणसं यायची. पोर निवडायला. आम्हाला न्हाऊमाखू घालून ओळीने बसवायचे. ते बघत बघत जायचे. कोणाचे डोळे, कोणाचा रंग, कोणाचे दात. माझ्यापाशी आले की जरा थांबायचे आणि पुढे जायचे. नऊ वर्षं बघितलं मला लोकांनी. पुढे कामावरही तेच. काढायचं असलं की सगळ्यांची नजर आधी माझ्याकडे. मी म्हटलं, यंदाही तेच होणार. पण तुम्ही बघितलंच नाहीत. मला बाकीच्यांच्या बरोबरीने एका ताटलीत टाकलंत.” ती थांबली. “नोकरी गेली त्याचं वाईट वाटतंय. पण हे असं कोणी माझ्यासाठी पहिल्यांदाच केलं.”

मुकादमबाईने एप्रन घेऊन बाजूला ठेवला. “आणि ती दहा मिनिटं?” तिने काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

“तिथे सगळं घंटेवर चालायचं. उठायची घंटा, खायची घंटा. बाहेर पडले तेव्हा ठरवलं, घंटा झाली की पहिली दहा मिनिटं माझी. मी बाहेर पायरीवर बसायचे. नुसती.” ती हसली आणि गेली.

त्या दिवसापासून मुकादमबाईला एकच प्रश्न लागला. निघालेली चिठ्ठी पहिली होती की दुसरी? पहिली असली तर हे नशिबानेच झालं असतं, तिने काही केलं नसतं तरी झालं असतं. दुसरी असली तर तिने एका बाईच्या पोटावर पाय दिला होता. आणि कुठली ते कळायला आता मार्ग नव्हता. चिठ्ठ्यांचा साबणपाण्यात लगदा झाला होता. कधी तिला वाटे, पहिलीच असणार. कधी वाटे, पहिली असली म्हणून मी चांगली कशी ठरते? मी तर दोन्ही टाकल्या होत्या.

नवीन मशीन आलं. चादरी एका बाजूने जात आणि दुसऱ्या बाजूने घडी होऊन येत, आणि टेबलाशी उरलेल्या पाचजणी अभ्रे आणि हिरवे ऑपरेशनचे डगले घडी करत. मॅनेजरने मुकादमबाईचं कौतुक केलं. “किती शांतपणे झालं सगळं!”

अडीच महिन्यांनी ती वरच्या मजल्यावर गठ्ठे पोचवायला गेली असताना मलमपट्टीच्या खोलीबाहेरच्या रांगेत नऊदहा दिसली. उजवा हात कोपरापर्यंत गुंडाळलेला. चेहऱ्यावरची हाडं वर आलेली.

“काय झालं गं?”

“बॅटऱ्या फोडायच्या गोदामात लागलेय. लागले होते. एक उलटी झाली, आतलं ॲसिड हातावर आलं.” तिने हात जरा उचलला. “दोन बोटं गेल्यात जमा म्हणतात. बाकीची बघू.”

शेजारी बसलेल्या बाईला ती म्हणाली, “या आमच्या मुकादमबाई. मी सांगितलं ना तुम्हाला, चिठ्ठ्यांचं? त्याच ह्या.” आणि ती अनोळखी बाई मुकादमबाईकडे आदराने बघू लागली.

मुकादमबाई तळघरात परत आली. त्या दुपारी तिने फूटपट्टीला कोठीत नेलं आणि सगळं सांगितलं. का सांगितलं? एकटीला पेलत नव्हतं म्हणून. आणि खोल कुठेतरी असंही होतं की ही तरी म्हणेल, बाई, तुम्ही माझ्या पोरीला वाचवलंत.

फूटपट्टी म्हणाली, “माझी चिठ्ठी नव्हती?”

“नाही.”

“आणि काढायला मला लावलीत.”

“ती नऊदहा म्हणाली म्हणून—”

“मी डोळे मिटून काय काय बोलले मनात, माहीत आहे तुम्हाला? म्हटलं, माझं निघू दे, नाहीतर कोणाचंही निघू दे, पण हाताला पाप लागू नये.” तिचा आवाज चढला नाही. “कोणी सांगितलं होतं तुम्हाला? मी मागितलं होतं?”

“तुझ्या पोरीकडे बघून केलं गं.”

“हो. आणि आता मी नको म्हणू शकत नाही. तिची जागा तिला परत देते, असं म्हणायला पाहिजे मी. म्हणू शकते का? नाही म्हणू शकत.” ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिकडेच बघत म्हणाली, “तिला सांगू नका. तुमचं ओझं उतरेल. तिच्याकडे काय उरेल?”

मुकादमबाई आठवडाभर गप्प राहिली. फूटपट्टीचं म्हणणं खरं होतं. नोकरी गेली, हात गेला, आणि नऊदहाकडे सांगण्यासारखी एक गोष्ट उरली होती. ती काढून घेणं म्हणजे आणखी एकदा तिचंच काढून घेणं. पण ती गोष्ट खोटी होती, आणि त्या खोट्यावर मुकादमबाईला मान मिळत होता. नऊदहा मलमपट्टीच्या रांगेत बसून लोकांना आपल्याच फसवणुकीचं कौतुक सांगत होती. हे बघत राहणं तिला अखेर जमलं नाही.

रविवारी ती नऊदहाच्या खोलीवर गेली. एक खाट, एक शेगडी, दोरीवर वाळत घातलेल्या पट्ट्या. नऊदहाने डाव्या हाताने तिला पाणी दिलं. मुकादमबाईने पेला खाली ठेवला आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं, कुठलंही पांघरूण न घालता.

नऊदहा खाटेवर बसली होती.

“दोनदा लिहिलंस?”

आजवर तिने मुकादमबाईला कधी अगंतुगं केलं नव्हतं.

“दोनदा.”

“माझंच का? त्या चष्मेवालीचं का नाही?”

मुकादमबाईने खोटं बोलायचं नाही एवढं ठरवूनच पायरी चढली होती. “वाटलं, तुझं निघालं तर कमी माणसांना लागेल.”

नऊदहाने मान हलवली, जणू हिशेब बरोबर आहे असं. “खरंय. मी एकटीच आहे.” मग म्हणाली, “म्हणजे तूही बघितलंसच.”

मुकादमबाई रडू लागली तेव्हा नऊदहा म्हणाली, “ते इथे नको. मला बघवत नाही आणि समजूतही घालायची नाहीये.” आणि जरा वेळाने, “चिठ्ठी सगळ्यांसमोर काढली होतीस ना? मग हेही सगळ्यांसमोर सांग. मी एकटी कशाला ऐकू?”

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मुकादमबाईने मशीन बंद करायला लावलं आणि टेबलाशी उभी राहून सांगितलं. फूटपट्टी मान खाली घालून हिरव्या डगल्याची घडी घालत राहिली. घातलेली घडी मोडून पुन्हा घालत राहिली.

पहिल्यांदा बोलली ती जुळ्यांची आई. “म्हणजे माझी एकदाच होती ना, बाई?”

“एकदाच.”

तिने छातीवर हात ठेवला. मावशी पुटपुटली, “सांगितलं नसतंस तर बरं झालं असतं.” अबोली उठून हात धुवायला गेली. चष्मेवाली चष्म्यातून फूटपट्टीकडे बघत होती. “वशिला कुठे कुठे लागतो बघा,” ती म्हणाली. “आम्ही पाचजणी जीव मुठीत धरून उभ्या, आणि ही ऐटीत चिठ्ठी काढतेय.”

“तिला ठाऊक नव्हतं,” मुकादमबाई म्हणाली.

“असेल बाई.”

दुपारनंतर टेबलाच्या एका टोकाला फूटपट्टी एकटी होती. डगल्यांना दुसरी बाई लागत नाही, त्यामुळे कोणाला काही बोलावंही लागलं नाही.

मुकादमबाई वर मॅनेजरकडे गेली. त्याने सगळं ऐकलं, कपाळाला आठी घातली.

“हे तुम्ही मला कशाला सांगताय? कागदावर काही आहे का?”

“नाही. पण तिला परत घ्या. माझ्या जागी घ्या.”

“ती जागाच राहिली नाही, बाई. आणि तुम्ही म्हणता तिचा हात गेलाय. घडी घालायला हात लागतात.” तो अजूनही गोडच बोलत होता. पण चष्मेवाली आदल्या तासाला त्याच्याकडे येऊन गेली होती. “वातावरण शांत राहायला हवं. तुम्ही काही दिवस मळक्या कपड्यांच्या खोलीत बसा. मुकादमकी त्या चष्मेवाल्या बाई बघतील.”

ती शिक्षा नव्हती, असं त्याने दोनदा सांगितलं. मुकादमबाईला ती शिक्षा म्हणून हवी होती, तीही मिळाली नाही. ती घसरगुंडीच्या तोंडाशी बसून गठ्ठे सोडू लागली, रक्ताचे वेगळे, औषधाचे वेगळे. फूटपट्टी एकदा रिकामी गाडी न्यायला तिथे आली. गाडीच्या दांड्यावर हात ठेवून म्हणाली, “तुमचं मन मोकळं झालं. माझं टेबल गेलं.” आणि गाडी घेऊन गेली. ती पुन्हा त्या खोलीत आली नाही. गाडी न्यायला दुसरी कोणी येऊ लागली.

पुढच्या रविवारी मुकादमबाई नऊदहाकडे गेली. दार उघडं होतं. नऊदहा खाटेच्या कडेला बसून डाव्या हाताने केस मागे घेत होती. ते पुन्हा पुन्हा सुटत होते.

“सांगितलंस?”

“सांगितलं. सगळ्यांसमोर.”

“काय म्हणाल्या?”

मुकादमबाईने जे जे कोणी बोललं ते ते सांगितलं. मॅनेजरचंही सांगितलं. नऊदहा ऐकत होती. जुळ्यांच्या आईचं ऐकून तिच्या तोंडून फस्सकन हसू निसटलं.

मग तिने विचारलं, “मी कशी आहे, असं विचारलं का कोणी?”

मुकादमबाईने एकेक चेहरा आठवून पाहिला. मावशीचा, चष्मेवालीचा, जुळ्यांच्या आईचा, अबोलीचा. फूटपट्टीचाही.

“नाही.”

नऊदहाने मान हलवली. बाहेर कोणीतरी बादली आपटली. मग तिने केसांचा बंद डाव्या हाताने मुकादमबाईपुढे धरला.

“आलीच आहेस तर केस बांधून दे. एका हाताने जमत नाही.”

मुकादमबाई तिच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. केस गोळा केले, बंदाला दोन वेढे दिले आणि ओढले.

“दुखतंय,” नऊदहा म्हणाली. “सैल कर.”